पास्कूची ओसरी

रविवार, सकाळचे अकरा. वसईच्या खाडीकाठी खारवडीच्या जुन्या चर्चची ओसरी. सहलीला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने खांबाआड पानाची पिचकारी मारली.

चर्च दाखवायला उभ्या असलेल्या रेजिनाबायला शिसारी आली. "दादा, घरच्या ओट्यावर असंच थुंकता का हो?"

"आजी, चर्चमध्ये कुठं थुंकलो? हे तर बाहेर आहे."

"बाहेर! मग या बाहेरचंच ऐका."

असे सांगतात, फिरंग्यांच्या काळी हे चर्च मिठागरातल्या माणसांनी उभे केले. चुना त्यांनी वाहिला, जमीन त्यांनी चोपली. काम संपले आणि चर्चच्या मुकादमाने फर्मावले: मिठागरवाल्यांनी ओसरीपर्यंतच यायचे, त्यांच्या पायांनी जमीन खराब होते. त्यांतलाच एक पास्कू, जन्मभर तिथूनच मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ऐकत आला. त्याची एकच इच्छा होती, लेकीचा, इसाबेलचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचे.

लग्नाच्या दिवशी मुकादम दारात आडवा झाला. "नवरी येऊ दे. तू पाय धुऊन ये."

पास्कूने विहिरीवर काथ्याने पाय घासले. रक्त आले, पण मिठाने चिरलेले ते पाय पांढरे ते पांढरेच. आत बसलेले नवऱ्याकडचे सोयरे खदखदून हसले म्हणे. देवासमोर बसून हसले!

इसाबेलने ओसरीवरच बैठक मारली. "बाबा आत नाही, तर मीही नाही. पाद्रीबाबांना म्हणावं, तुम्हीच बाहेर या."

पाद्री हलेना. तेवढ्यात आतल्या जमिनीतून मीठ फुलू लागले म्हणे. वेदीपासून दारापर्यंत मीठच मीठ, मुकादमाच्या जोड्यांखाली करकरणारे. ओसरी तेवढी स्वच्छ राहिली. शेवटी पाद्री बाहेर आला. पास्कूने लेकीचा हात नवऱ्याच्या हाती दिला तो इथेच, आणि ओसरीला त्याचे नाव पडले.

"किती गोड गोष्ट!" एक पाहुणी म्हणाली.

"गोड? अगो बाय, त्याचे पाय रक्ताळले होते."

आजही खारवडीत लग्न ओसरीवरच लागते आणि नवरीचा बाप अनवाणी उभा राहतो. सणाला पास्कूच्या नावाने भाषणे झडतात, मुकादमाच्या घराण्यातले लोक पुढे होऊन हार घालतात. पास्कूची कबर मात्र दफनभूमीच्या भिंतीबाहेर, निवडुंगात आहे. त्याला तिथे कोणी पुरायला लावले, हे रेजिनाबायने प्रत्येक नव्या फादरला विचारले आहे.