दोन्ही हातांचा नारळ

मनगट मोडलं रावजी तांबटाचं, आणि बाजारात धावला त्याचा शेट. वैद्य आणायला नव्हे, नारळ आणायला!

रावजी केशवशेटच्या कारखान्यात घंगाळं घडवायचा. त्या दिवशी घंगाळ घसरलं आणि हातोडा डाव्या मनगटावर बसला. आता राज्यात असा नियम होता, की लहान कारखान्यांनी मिळून राजवैद्याची वर्गणी भरायची, निम्मी शेटनं, निम्मी कामगारांच्या पगारातून. मग कामगार आजारी पडला की वैद्य त्याला फुकट बघणार. योजना खुद्द राजे भानुजींची, आणि त्यांना तिचा भारी अभिमान. फक्त त्यात एक मेख होती. ज्या कारखान्यात माणसं आजारी पडत, त्याची वर्गणी पुढच्या वर्षी वाढे. त्यामुळे कोणी नुसतं खोकलं, तरी शेट त्याला औषधाआधी नारळ देई. निरोगी माणसांची काळजी घ्यायला मात्र सगळे एका पायावर तयार असत.

नारळ द्यायची रीतही ठरलेली होती. शेटनं नारळ पुढे करायचा, कामगारानं तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायचा, की चाकरी संपली. हा नियम शेटलोकांनीच महाराजांकडून मागून घेतला होता, कारण काढलेली माणसं दुसऱ्या दिवशी खुशाल कामावर येत आणि ‘आम्हाला वाटलं, प्रसाद दिलात’ असं म्हणत.

केशवशेटनं घाईघाईत रावजीच्या काखेत नारळ खोचला आणि त्याला घरी धाडलं. झालं, राजवैद्यानं दार लावून घेतलं. हाड वेळेवर बसवलं नाही तर हात जन्माचा वाकडा राहणार होता, आणि वाकड्या हाताच्या तांबटाला कोण विचारतो? रावजी ओसरीवर बसून रडला. त्याची मुलगी सगुणा रडली नाही, तिला राग आला होता. तिनं नारळ परडीत टाकला, बापाला उठवलं आणि थेट दरबार गाठला. बातमी लागताच केशवशेटही मागोमाग आला.

महाराजांनी सगळं ऐकून आपल्याच योजनेची थोरवी सांगितली. चाकरी गेल्यावरही सहा महिने औषध मिळतं, म्हणाले, फक्त शेटचा वाटासुद्धा त्या माणसानंच भरायचा. पगार बंद झालेल्या माणसानं? सगुणानं विचारलं. हो, महाराज म्हणाले, उगीच दुसऱ्यांना कशाला भुर्दंड! सगुणा हटेना, तेव्हा ते चिडले.

“औषध हवं तर चाकरी हवी. काम करत नाही आणि तरी चाकरीत आहे, असा माणूस मला दाखव, मग बोल.”

सगुणानं दरबारावरून सावकाश नजर फिरवली. “महाराज, एकच दाखवू?”

पेंगणारे दोन मानकरी ताठ बसले. महाराजांनी हसू मिशीत दाबलं. “माझी माणसं राहू दे. तुझ्या बापाचं बोल.”

सगुणानं परडीतला नारळ केशवशेटच्या हातात दिला. “शेट, बाबांना रीतसर काढा.”

शेटनं नारळ पुढे केला. रावजीनं उजवा हात पुढे केला. डावा काही उचलेना.

“एका हातानं घे की,” शेट म्हणाला.

“कसं चालेल?” सगुणा म्हणाली. “दोन्ही हातांची रीत तुम्हीच मागून घेतलीत. नारळ घेतला नाही म्हणजे चाकरी चालू, आणि चाकरी चालू म्हणजे औषध चालू.”

महाराजांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी मान डोलावली. शेट घामाघूम झाला आणि म्हणाला, ठीक आहे, हात बरा झाला की त्याच दिवशी देतो.

“जरूर द्या,” सगुणा म्हणाली. “पण तोवर वैद्यबुवांच्या पाया तुम्हालाच पडावं लागेल. बाबांचा हात बरा व्हायची आता आमच्यापेक्षा तुम्हालाच घाई. आणि धडधाकट तांबटाला काढणारा शेट मी तरी अजून पाहिला नाही.”

महाराज इतके हसले, की पगडी मांडीवर आली. त्यांनी राजवैद्याला तिथंच हाड बसवायला लावलं, खांद्यावरचा शेला सगुणाला दिला, आणि शेटनं घरी न्यायच्या आत तो नारळ फोडून दरबारात खोबरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात नारळ स्वस्त झाले, आणि गावातला निम्मा कामगारवर्ग डाव्या हाताला फडकं बांधून कामावर आला.