धाकट्याची होडी

फार पूर्वी, नकाशात शोधायला भिंग लागेल एवढ्याशा बेटावर एक सुलतान राज्य करत होता. बेटावर नारळ, मासे आणि भांडणे, तिन्ही मुबलक. पण भांडण मिटवायची रीत मोठी गोड होती. भांडलेल्या दोघांनी सगळ्यांसमोर एका ताटात जेवायचे. ताट संपले की भांडण संपले.

एकदा खुद्द सुलतानाचेच धाकट्या भावाशी वाजले. धाकटा रागाने शेजारच्या बेटावर निघून गेला.

म्हातारा वजीर म्हणाला, "हुजूर, त्यांना बोलवा. एका ताटात बसा."

"मी थोरला. मी का बोलवू? आणि तो फौज घेऊन आला तर?"

त्याच आठवड्यात एका गोऱ्या कप्तानाचे जहाज बंदराला लागले. सुलतानाने त्याला भावाची भीती सांगून मदत मागितली. कप्तानाने सगळे मान हलवत ऐकून घेतले. म्हणाला, "आमचं जहाज बंदरावर पहारा देईल. गादी तुमची, झेंडा तुमचा. फक्त बाहेरून कुणीही आलं तरी आमच्या परवानगीशिवाय उतरणार नाही."

वजीर कळवळून म्हणाला, "आणि धाकटे हुजूर परत आले तर?"

"तो कसला येतोय!" म्हणत सुलतानाने करारावर शिक्का उठवला. बिचाऱ्याला वाटले, आपण फार हुशारी केली.

दोन वर्षांनी धाकटा एका होडीतून आला. फौज नव्हती, एक नावाडी होता. खोकून खोकून धाकटा अर्धा झाला होता. त्याने निरोप धाडला, "भाईजान, चुकलं माझं. ताट वाढायला सांगा."

सुलतान अनवाणी बंदराकडे धावला. कप्तानाने त्याला अदबीने अडवले. "वरून परवानगी मागवतो. तीन महिने लागतील."

"अहो, माझा भाऊ आहे तो! आजारी आहे!"

"पहारा त्याच्यासाठीच तर मागितला होतात."

सुलतानाने आपल्या शिपायांना भावाची होडी किनाऱ्याला आणायचा हुकूम दिला. शिपायांनी आधी कप्तानाकडे पाहिले, मग माना खाली घातल्या.

होडी तीन दिवस लाटांवर डुलत राहिली. प्यायचे पाणी संपले तेव्हा ती परत फिरली.

परवानगी चौथ्या महिन्यात आली. कागद सुंदर होता, शिक्काही ठळक होता. धाकट्याला हे जग सोडून तेव्हा महिना झाला होता.

तात्पर्य: आपल्या माणसापुढे नमते घ्यायला लाजलो, तर पुढे त्याच माणसासाठी परक्यापुढे हात जोडावे लागतात, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.