मथूकाकीची गाठ

खारखोलच्या खाडीकाठी, जुन्या बंदराच्या वरच्या अंगाला, दोन घरांच्या मध्ये जांभ्या दगडाचा एक ओटा आहे. गावात बाकी सगळ्या घरांना कामट्यांचा कूड आहे, दगडांचा गडगा आहे, पलीकडची कोंबडी अलीकडे येऊ नये म्हणून वर काट्याही रोवलेल्या आहेत. पण या दोन घरांच्या मध्ये कोणी कुंपण घालत नाही. घरं पडली, पुन्हा बांधली, माणसं बदलली, ओटा तसाच राहिला. त्याला गाठीचा ओटा म्हणतात. गावात लग्न ठरलं की नवरीची काळी पोत याच ओट्यावर गाठवतात. सोनाराकडून नुसत्या वाट्या आणि मणी आणायचे, तयार पोत चालत नाही. एक मणी, मग गाठ, पुन्हा मणी, पुन्हा गाठ, असं दुपार-दुपार काम चालतं. आणि बाहेरगावचे पाहुणे दचकतात ते पुढेच. पोत गाठवणारी बाई विधवा असावी लागते, तीही नवरीच्या शेजारपाजारची. सुवासिनी भोवती बसून मणी निवडून देतात, गाठीला हात लावत नाहीत.

हे असं उलटं कसं, म्हणून कोणी विचारलंच तर आमच्याकडची जुनी माणसं त्याला ओट्यावर बसवून घेतात. आधी कोकमाचं सरबत देतात, त्याचं गाव कुठलं, लेकरं किती, जावई काय करतो ते सगळं काढून घेतात आणि मग सांगतात, ते असं.

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा गावात शिडाचे मचवे होते आणि ओट्याच्या जागी कामट्यांचा कूड होता. कुडाच्या अलीकडे आवडा राहायची, जनू खलाशाची बायको. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूल अजून पोटात होतं. पलीकडे मथूकाकी. तिचा नवरा दर्याने नेलेला, मूलबाळ नाही. माहेरचा म्हणून एकच भाऊ उरलेला, धाकू तांडेल. जनू ज्या मचव्यावर खलाशी होता, त्याच मचव्याचा हा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, सगळ्यांचा म्होरक्या. तो बहिणीला तांदूळ-मीठ आणून टाकायचा आणि ती त्याची फाटलेली जाळी सांधायची.

उरलेला वेळ मथूकाकी कुडाच्या फटीला डोळा लावून काढते, असं आवडाचं म्हणणं. खोटंही नव्हतं ते. आवडाच्या चुलीवर काय शिजतंय ते काकीला वासावरून कळायचं आणि ती तिकडून ओरडायची, "आवडे, तिरफळं घातलीस की विसरलीस गो?" आवडा धुसफुसत फटीत गवत कोंबून ठेवायची. दुसऱ्या दिवशी गवत गायब.

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. मचवा निघाला त्या सकाळी काकी दारात येऊन उभी राहिली, भाऊ लांबून तरी दिसेल म्हणून. आवडा जनूची शिदोरी घेऊन बाहेर पडत होती. ती म्हणाली, "काकी, मचवा सुटतोय. जरा आत होतेस?" तेव्हाची रीतच तशी होती. दर्यावर निघालेल्याच्या वाटेत विधवेचं तोंड नको. काकी आत गेली आणि दार ओढून घेतलं.

मचवा परतायचा त्या दिवशी दुपारीच आभाळ तांब्याच्या भांड्यासारखं झालं. मग वारा असा उठला, की माडांचे शेंडे जमिनीला टेकतात की काय असं वाटावं. आवडा काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील काढायला धावली. वाकली, झटक्यात वर उठली आणि काठीच्या टोकात गळ्यातली पोत अडकली. तटकन आवाज झाला. दोन वाट्या पायाशी पडल्या आणि काळे मणी अंगणभर उडाले.

सवाष्ण बाई पोत तुटली म्हणत नाही, वाढली म्हणते. आवडाच्या तोंडून तेही निघालं नाही. ती गुडघ्यांवर बसून चिखलातून मणी वेचू लागली. तेवढ्यात कोंबड्या धावल्या. त्यांना वाटलं, कोणी दाणे टाकले. आवडाने एकीला पायाला धरून उलटी केली, गदागदा हलवली, चोच फाकवून बोट घातलं. कोंबडी कोकलत राहिली, मणी काही आला नाही. हाती लागले तेवढे मणी तिने करवंटीत घेतले आणि बोडका गळा पदराने झाकून ती गावात पळाली.

तिला पळायला कारण होतं. नवरा दर्यावर असताना दिवेलागणीला बायकोचा गळा रिकामा असू नये, नाहीतर मचव्याला किनारा सापडत नाही, असं खारखोलमध्ये मानत. आणि अशा वेळी आपली पोत आपण ओवायची नाही. दुसऱ्या बाईने ओवून द्यायची. पण वादळात वाढलेली पोत जी ओवेल, तिच्या माणसावर त्या पोतीची पीडा जाते, असंही मानत.

वरच्या घरची गोमती दारातच उभी होती. करवंटी बघून ती दोन पावलं मागे सरली. "आवडे, पाया पडते तुझ्या, आत येऊ नको. माझाही दर्यावरच आहे गो."

पुढच्या घरची बाई दारात आली. तिने स्वतःच्या पोतीवर हात ठेवला आणि मान फिरवली. त्यापुढच्या घराचं दार आतून लावून घेतल्याचा आवाज आवडाने ऐकला. ज्यांच्याबरोबर ती रोज पाण्याला जायची, त्याच या बायका. तिला त्यांचा राग येईना. पोत दुसरीची असती तर आपणही दार लावलं असतं, हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणून पुढचं दार न वाजवताच ती मागे फिरली.

घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटल्याचा आवाज घरापर्यंत येत होता. उजेड उतरत चालला होता. तिने दोरा घेतला, एक मणी घेतला, दोऱ्याचं टोक मण्यापाशी नेलं आणि हात तिथेच थांबला. आपल्याच हाताने आपण जनूला बुडवतोय असं तिला वाटलं. दोरा टाकून ती उंबऱ्यावर डोकं आपटू लागली.

तेव्हा कूड मोडल्याचा आवाज झाला. मथूकाकीने कामट्या उपटल्या होत्या आणि त्या भगदाडातून ती आडवी होऊन आत येत होती. लुगडं फाटलं, कोपर खरचटलं. म्हणे तिने पहिल्यापासून सगळं पाहिलं होतं, बोंबील, कोंबडी, करवंटी, सगळं.

"डोकं फोडून घेऊ नको, पोटुशी आहेस. दे ती करवंटी."

"काकी, तू? तुझा हात..."

"माझा हात रांडावलेला आहे, ठाऊक आहे मला. पण बाकीच्यांचे हात कुठायत, सांग ना? माझ्यावर यायचं ते केव्हाच येऊन गेलं. आता पीडा आली तर बसेल माझ्याजवळ कुडाशी, तेवढीच सोबत. दे."

काकीने कनवटीचा जाळ्याचा दोरा काढला. त्याचे पदर उलगडून त्यातला एकच बारीक पदर घेतला, त्याला मेण घासलं, टोकाला फणसाचा चीक लावून ते सुईसारखं ताठ केलं. मग मणी आवडाच्या गळ्याशी मांडून पाहिले. अर्धा गळासुद्धा भरेना. बाकीचे चिखलात आणि कोंबड्यांच्या पोटात. आवडाने हंबरडा फोडला.

"रडू नको. सूत थोडं असलं म्हणून जाळं लहान विणतं का कोणी? मणी कमी आहेत, तर मध्ये गाठी घालू. गाठीने लांबी येते."

असं म्हणून तिने मणी ओवला आणि त्याच्यामागे जाळ्याची गाठ टाकली. गाठीच्या फासात सुरमईचा काटा घालून ती गाठ मण्याला अगदी चिकटेपर्यंत सरकवत नेली, मगच काटा काढून आवळली. मग पुढचा मणी. बाहेर माड कोसळला, तरी तिने मान वर केली नाही.

आवडा तिच्या बोटांकडे बघत होती. बघता बघता तिच्या ध्यानात आलं. आपल्या दुःखात ती एक गोष्ट साफ विसरली होती.

"काकी," ती म्हणाली, "त्याच मचव्यावर धाकू तांडेल..."

"बोलू नको. गाठ सैल पडेल."

"काकी, नको! राहू दे, नको ओवू!"

काकीने तिचा हात झटकला. "भाऊ माझा आहे, तुझा नाही. तू बस गप." आणि पुढचा मणी घेतला.

पोत पुरी झाली तेव्हा अंगणात माणूस ओळखू येत नव्हता. काकीने ती आवडाच्या गळ्यात बांधली. मानेमागची गाठ तिने पुन्हा पुन्हा आवळून पाहिली, असं आवडा पुढे जन्मभर सांगत असे. मग आवडाने दिवा लावला.

मचवा आला. डोलकाठी नव्हती, शीड नव्हतं, पण आला. सगळा गाव किनाऱ्यावर होता आणि काकी मागे, माडांच्या आडोशाला. जनू उतरला, एकेक खलाशी उतरला. तांडेल उतरला नाही. खलाशांनी सांगितलं ते असं, की खाडीच्या तोंडाशी लाटांनी मचवा उभा केला, तरी धाकूने सुकाणू सोडलं नाही. "डावीकडे ओढा" म्हणून त्याचा आवाज शेवटपर्यंत येत होता. संथ पाण्यात शिरल्यावर त्यांनी मागे पाहिलं, तर सुकाणूजवळ कोणी नव्हतं.

"सगळे आले ना रे?" काकीने माडाआडून विचारलं. जनूने माडांपर्यंत येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तेव्हा तिला कळलं.

गाव दोन्ही तोंडांनी बोललं. कोणी म्हणालं, विधवेच्या हाताने असंच व्हायचं. कोणी म्हणालं, तिने जाणूनबुजून भाऊ दिला. आवडाने उरलेला कूड उपटला, चुलीत घातला आणि त्यावर काकीसाठी पेज शिजवली. जनूने जांभा दगड वाहून आणून मध्ये ओटा बांधला. तेव्हापासून काकीचं पान आवडाच्या घरी मांडलं जाऊ लागलं.

पुढे आवडाच्या लेकीचं लग्न ठरलं. आवडाने मणी आणि वाट्या काकीपुढे ठेवल्या. नवऱ्याकडची माणसं उठून उभी राहिली. अपशकुन म्हणाली, परत जातो म्हणाली. आवडाने पदर बाजूला करून आपली पोत त्यांना दाखवली. "या गाठी हिच्या आहेत. मी कुंकू लावते ते या गाठींच्या जोरावर. ही नको असेल, तर खुशाल परत जा."

कोणी काही बोलायच्या आत वरच्या घरची गोमती पुढे आली, ओट्यावर काकीच्या पायाशी बसली आणि मान खाली घालून मणी निवडू लागली.

काकीला तेव्हा नीट दिसत नव्हतं, बोटांनी चाचपत तिने पोत गाठवली. शेवटचा मणी झाला, गाठ झाली. मग तिने जरा अंतर सोडून, मणी न ओवता, नुसतीच एक गाठ मारली. आवडाला वाटलं, म्हातारी चुकली.

"काकी, इथला मणी राहिला."

"नाही गो," काकी म्हणाली. "तो दर्यात आहे."

आजही खारखोलमध्ये गाठवलेल्या प्रत्येक पोतीला शेवटी ती बिनमण्याची गाठ असते. तिला तांडेलाची गाठ म्हणतात. शिडं गेली, मचव्यांना यंत्रं आली, हवेची बातमी आता आधी कळते. तरी वारा फिरला आणि मचवे आत आले नसले, की किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या बायकांचे हात आपोआप मानेमागे जातात. बोटं मण्यांवर थांबत नाहीत. ती रिकामी गाठ शोधतात आणि शेवटचा मचवा लागेपर्यंत तिला धरून राहतात.