पायऱ्या फोडणारी तिमव्वा

फार वर्षांपूर्वी, गावात नळ तर सोडाच, पण पाणी ओढायचा रहाटही नव्हता तेव्हा, अख्खी कोरटवाडी एका बारवेवर जगत होती. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. काळ्या दगडाची, खोल आणि थंडगार. बाया घागर घेऊन पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, घागर बुडवायच्या आणि वर यायच्या. सात आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवींनी, ती बारव आपल्या हातांनी बांधली असं म्हणतात. म्हणून तिच्या चिऱ्याला कुणी हात लावत नसे.

त्या गावाला नारू लागला होता. आजच्या लेकरांनी नारू पाहिला नाही, ते बरंच झालं. उन्हाळा आला की माणसाच्या पायाला फोड यायचा. निखारा ठेवल्यासारखा जळायचा. फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजायचा, सडायचा. ऐन वैशाखात निम्मं गाव खाटेवर पडलेलं असायचं. लोक म्हणायचे, आसरा कोपल्या.

अशा गावात मारुतीच्या देवळासाठी दगड घडवायला वडारांचा तांडा आला. त्यात तिमव्वा होती आणि तिचा नवरा हनमंता. देवळाचं काम लांबलं, तांडा दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत थांबला, आणि हनमंताच्या टाचेला फोड आला. तिमव्वा रोज काडी फिरवायची. एके सकाळी हनमंता कळवळला, पाय झटकला, आणि दोरा तुटला. पाय मांडीपर्यंत काळा पडला. हनमंता गेला. तांडा पुढच्या गावी निघाला, पण तिमव्वा निघाली नाही. खाणीजवळच्या पालात ती एकटीच राहिली.

ती बारवेच्या काठावर बसून बघत राहायची. फोड आलेली माणसं लंगडत पायऱ्या उतरायची आणि जळता पाय गार पाण्यात सोडायची. तेवढाच जिवाला थंडावा. एकदा तिनं वाकून पाहिलं. फोडातून दुधासारखं पांढरं काहीतरी पाण्यात सुटत होतं. आणि शेजारीच एक बाई घागर बुडवत होती.

तिमव्वाला हनमंता आठवला. तोही असाच पाय सोडून बसायचा, आणि तेच पाणी ती दोघं प्यायची.

"पाय घालू नका पाण्यात," ती म्हणाली. "डोंगरापल्याड आम्ही राहिलो. तिथं दोरानं पाणी ओढत्यात. तिथं नारू न्हाई."

"पाय जळतोय माझा, आणि ही म्हणतीय पाण्यात घालू नको," एकजण म्हणाला. "दगड फोडणारीनं दगड फोडावा."

ते बोल तिच्या मनात बसले.

चैत्रात डोंगरावर जत्रा भरायची. धडधाकट होती तेवढी सगळी माणसं गाड्या जुंपून गेली. मागे खाटेवरची माणसं उरली. तिमव्वानं पहार घेतली, घण घेतला आणि बारवेत उतरली. पाण्याजवळ उभी राहून तिनं हात जोडले. "आयांनो, कोप करायचा तर माझ्यावर करा," म्हणाली, आणि पहिला घाव घातला.

खालची पायरी फोडायची आणि वरच्या पायरीवर चढायचं. मागे परतायला वाट राहत नव्हती. खाटेवरची माणसं ओरडत होती, शिव्या देत होती, पण उठता कुणालाच येत नव्हतं. तिच्या घणाचा आवाज जत्रेपर्यंत गेला आणि ढग नसताना आभाळ गडगडतंय असं लोकांना वाटलं, असं म्हणतात. गाड्या परत आल्या तेव्हा तिमव्वा काठावर बसली होती. हात रक्ताळले होते. खाली नुसती उभी भिंत आणि तळाला पाणी.

बायांनी कपाळ बडवलं. माणसांनी दगड उचलले. रंगराव पाटलानं सगळ्यांना आवरलं.

"का फोडल्यास?" त्यानं विचारलं.

"पाटील, किडा पायातून पाण्यात जातुय आन् पाण्यातून पोटात. मला एवढंच कळतंय."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात नारू आला तर?"

तिमव्वा म्हणाली, "तर मला ह्याच बारवेत ढकला."

"ठीक," पाटील म्हणाला. "तोवर गावाला पाणी तूच ओढायचं. एक घागर रिकामी असेपर्यंत तुला भाकर नाही."

वडारणीच्या हातचं पाणी प्यायचं का, यावरून आठवडाभर कुरकुर झाली. पण तहान मोठी. कुरकुर विरली. तिमव्वा पहाटेपासून दोर ओढायची. ज्याचा पाय जळे त्याला काठापासून लांब बसवून त्याच्या पायावर पाणी ओतायची. ती दमली की पाण्यातून आसरांचे सात हात वर यायचे आणि घागर उचलून द्यायचे, असं म्हणतात.

पावसाळा गेला, थंडी गेली. फाल्गुनात ऊन तापलं तशी तिमव्वाची झोप उडाली. ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघायची. आणि होळी झाली नाही तोच तेल्याच्या घरी फोड आला. मग कुंभाराच्या घरी. मग खुद्द पाटलाच्या पोटरीला.

तिमव्वाच्या हातातला दोर सुटला. आपलं चुकलं का? उगाच बारव फोडली का? काही कळेना. पळून जावं असंही तिच्या मनात आलं. पण ती तिथंच उभी राहिली.

गाव बारवेवर जमलं. पाटलाला खाटेवर घालून आणलं. "बोललीस ते आठवतंय ना?" तो म्हणाला.

"आठवतंय." ती आपणहून काठावर जाऊन उभी राहिली. खाली पाणी काळंभोर दिसत होतं.

तिला ढकलायला दोघं पुढे सरसावले. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मामंजी, थांबवा त्यांना!"

पाटलाची नवी सून होती, बयजा. लोकांसमोर सासऱ्याशी बोलायची ती पहिलीच वेळ. तिनं लुगडं जरा वर घेतलं आणि पाय पुढे केला. कुठे डाग नव्हता.

"मी पायऱ्या फोडल्यावर ह्या गावात आले. माझ्या पायाला काही नाही. कुंभाराची सून माझ्या मागून आली, तिलाही नाही. यंदा नांदायला आलेल्या सगळ्याजणी बघा. नारू आलाय तो जुन्या माणसांना. तुमच्या पोटात मागल्या साली प्यालेलं पाणी आहे, मामंजी. आम्ही फक्त हिनं ओढलेलं प्यालो."

नव्या सुना एकेक करून पुढे आल्या आणि तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. पाटलानं खाटेवरून वाकून ते सगळे पाय पाहिले. मग तो म्हणाला, "आणखी एक उन्हाळा बघू. आणि आजपासून दोर हिच्या एकटीच्या हातात नको. घराघरानं धरा."

तिमव्वा काठावरून मागे सरली. हनमंता गेला तेव्हा आलं नव्हतं ते रडू तिला तेव्हा आलं.

पुढचा उन्हाळा आला. फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख गेला. एकाही घरात नारू गुंडाळायला काडी लागली नाही.

तिमव्वा म्हातारी होऊन गेली. ती मेली नाही, एका पहाटे दोर धरून पाण्यात उतरली आणि आसरांत जाऊन बसली, असंही म्हणतात.

आता कोरटवाडीत घरोघरी नळ आहेत. नारू कुणी पाहिलेला नाही. तरी चैत्रातल्या जत्रेला निघताना गाड्या आधी बारवेवर येतात. गावातली सर्वांत नवी सून काठावर उभी राहते आणि मोठ्यानं विचारते, "कुणाला दुखणं आहे का? कुणी लपवलंय का?" ज्याला ताप असेल, खोकला असेल, जखम असेल, त्यानं तिथंच सगळ्यांदेखत सांगायचं. त्यात लाज नाही. त्याला दवाखान्यात न्यायची गाडी सर्वांत आधी सुटते. मग बाकीचं गाव बारवेत वाकून ओरडतं, "बाकी सगळे बरे आहेत गं, तिमव्वा!"

खालून आवाज घुमून परत येतो. तो विरला की बैल हाकतात.