एकविसावा हात
ढवळपूरच्या राजसभेत एकवीस सभासद. दहा सुभानरावांचे, दहा रायाजीरावांचे आणि उरलेला एक बजाबा, तो कुणाचाच नव्हता. नदीवर पूल हवा, हे सगळ्यांना मान्य होतं. पण सुभानरावांना तो आंबेघाटावर हवा आणि रायाजीरावांना शिवघाटावर! दहा हात इकडे वर, दहा तिकडे, आणि बजाबाचा हात मांडीवर. चार महिने असंच चाललं होतं.

बजाबाचा भाव मात्र रोज चढत होता. सुभानरावांनी आमराई देऊ केली, की तो रायाजीरावांना जाऊन सांगे. त्यांनी वर बैलजोडी लावली, की परत सुभानरावांच्या दारात हजर. आता तर त्याला पुलावरचा जकातनाकाच जन्मभरासाठी हवा होता.

सभेत विडे फिरवणारी हौसाबाई हे बघून आतल्या आत जळत होती. तिची लेक नदीपलीकडे दिलेली, तिला सातवा महिना लागलेला. पावसाळ्यात नाव बंद झाली की पोरीला माहेरी आणायची कशी? लाकूड तोडून तयार होतं, महिन्याभरात पूल उभा राहिला असता.

एके दुपारी राजा चित्रसेन भडकला. "आज दिवस मावळेपर्यंत घाट ठरला नाही, तर सगळं लाकूड हत्तीखान्याला!"

"एवढ्याशा कामाला दिवस कशाला मावळायला हवा, सरकार?" हौसाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"असं? मग तूच कर. पण बजाबाला काही द्यायचं नाही. जमीन नाही, वचन नाही, पानाचा विडासुद्धा नाही."

"नाही देत," हौसाबाई म्हणाली.

आता या सभेची एक जुनी रीत होती. दोन्ही पक्षांची तबकं वेगळी. भांडण मिटलं, की दोघे पुढारी एकाच तबकातून विडा उचलत. मग कुणी काही विचारायचं कारणच उरत नसे.

हौसाबाईनं रायाजीरावांचं तबक उचललं आणि थेट कल्हईवाल्याकडे नेऊन टाकलं.

सभा विश्रांतीसाठी उठली. दोघे पुढारी ओसरीवर एकमेकांकडे पाठ करून बसले. हौसाबाईनं मधोमध एकच तबक ठेवलं.

"माझं कुठंय?" रायाजीराव गुरगुरले.

"कल्हईला दिलंय, राव."

"मग मला विडा नको."

"नका घेऊ. आज कात केवड्याचा आहे, एवढं सांगते."

रायाजीरावांनी थोडा वेळ दम धरला. पण पानाशिवाय त्यांना घटकाभर करमत नसे. त्यांनी मागे न बघताच हात लांबवला. तिकडून सुभानरावांचाही आला.

इकडे सभेत सगळ्यांना विडे मिळाले होते, एकट्या बजाबाला नाही. "हौसे, माझा विडा कुठंय गं?" करत तो ओसरीच्या दारात आला आणि जागीच थिजला. दोघे पुढारी, एकच तबक आणि दोघांचीही तोंडं रंगलेली!

"काय ठरलं गं यांचं?" त्यानं घाबरून विचारलं.

"मी पानवाली. मला काय विचारता?"

बजाबा मनात हिशोब करू लागला. हे वीस जण एक झाले, तर त्याच्या हाताला कोण विचारणार? नाका राहू दे, उद्या सभेत कुणी रामराम घातला तरी खूप झालं.

सभा भरली. "आंबेघाट कुणाला हवा?" राजानं विचारलं. पहिला पुकारला तोच घाट दोघांचा ठरला असणार, असं धरून बजाबानं सुभानरावांच्याही आधी हात वर केला. मागोमाग त्यांचे दहा. रायाजीरावांचे दहा मात्र हलले नाहीत.

"म्हणजे... यांचं मिटलं नव्हतं?" बजाबा हात हळूच खाली घेऊ लागला.

"मोजून झाला तो," राजा म्हणाला. "अकरा. पूल आंबेघाटावर."

रायाजीराव जरा फुरंगटले, पण नाका बजाबाला गेला नाही म्हणून मनातून खूशच झाले. राजानं हौसाबाईला पुढे बोलावलं.

"खरं सांग, काय दिलंस त्याला?"

"काहीच नाही, सरकार. विडासुद्धा द्यायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं. म्हणून दिला नाही. तो आपला विडा शोधत दारापर्यंत आला आणि बाकीचं त्याचं त्यानंच केलं."

राजा इतका हसला, की त्याच्याच तोंडातला विडा अंगरख्यावर सांडला.

"हिला चांदीचं तबक द्या," तो डोळे पुसत म्हणाला. "दोघांना पुरेल असं, मोठं. आणि पूल झाला, की पहिली माझी पालखी पलीकडे जाऊ दे, हिच्या लेकीला आणायला."