शुक्तिकेचे व्रत

एका राज्यात वज्रबाहू नावाचा राजा होता. रणात तो कधी हरला नाही. हरला तो लेकीच्या पाळण्यापुढे. लेक जन्मली ती शिंपल्यासारखी पांढरी. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. एक डोळा आईकडे, तर दुसरा भलतीकडे. राजाला लाज वाटली. त्याने तिच्या दालनाला पडदा लावला आणि दवंडी पिटवली, "राजकन्या शुक्तिका व्रतस्थ आहे. तिला कोणी पाहू नये."

सुईण जरिता जादू जाणत होती. ती म्हणाली, "ज्या तोंडाला लेक बघवत नाही, ते तोंड आरशात दिसणार नाही." त्या दिवसापासून राजाचा चेहरा कुठल्याच आरशात उमटेना. जरिता डोंगरावर निघून गेली.

सतरा वर्षे गेली. शुक्तिकेला दोन्ही डोळे मिळून बघता येत नसे. पाणी ओतले की पेल्याबाहेर सांडे. एका दासीला विचारले की उत्तर दुसरीच देई. म्हणून ती मान खाली घालून बोले.

एके सकाळी खिडकीत बसलेली साळुंकी राजाला म्हणाली, "महाराज, जरिता डोळे फिरवणारे दोर सरळ करते. पण बापाने चालत गेले पाहिजे."

राजा चालत गेला. जरितेने तीन कामे सांगितली. पहिले, जाळे विणणाऱ्या राक्षसी कोळिणीचा धागा आणणे. राजाने आणला. दुसरे, काळ्या कड्याची सावली घडी करून आणणे. तीही आणली. मग तिने तिसरे सांगितले.

"भर दरबारात सांग, पडदा का लावलास."

राजा परतला, दरबार भरवला आणि सिंहासनावरून उतरला. "मला लेकीची लाज वाटली," तो म्हणाला.

दरबारात पडद्याआड बसलेली शुक्तिका बोलली, "मग माझे व्रत?"

"व्रत नव्हतेच, बाळ."

"मी ते एकदाही मोडले नाही, महाराज."

दरबारातल्या एकाचीही मान वर होईना.

मग जरिता महालात आली आणि तिने शुक्तिकेला गुंगीत निजवले. त्या धाग्याने डोळ्यांचे सैल दोर आवळले, ताणलेले सोडले. सावली कापून तिच्या कपाळावर बांधली, कारण तिच्या फिक्या डोळ्यांना ऊन पुढेही बोचणारच होते. डोळ्यांवरची पट्टी सुटली तेव्हा दोन्ही डोळे एकाच जागी टेकले. लांबचे अजून धूसरच होते, पण जवळच्या वस्तूंत कोणती पुढे, कोणती मागे हे कळू लागले.

समोर बाप उभा होता. "आता डोळे सरळ झाले, म्हणून बघता का माझ्याकडे?" तिने विचारले.

राजाने नजर वळवली नाही. त्या क्षणी शाप फिटला आणि महालातल्या सगळ्या आरशांत त्याचा चेहरा उमटला, रडवेला.

पडदा उतरला, दवंडी मागे घेतली गेली. दरबाराच्या पायऱ्या उतरताना राजाने हात पुढे केला. शुक्तिकेने तो धरला नाही. ती एकेक पायरी नीट बघत उतरली, आणि राजा तिच्या एक पायरी मागून आला.