चतकोर

“मग विहीर बुजवूनच टाकू का, बाबा?”

दगडूनं पहार गोसावीबाबांच्या पुढ्यात आदळली. बाबा झाडाखाली भाकरी खात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दगडू बाबांचा चेला. अंगानं रेडा, आणि गुर्मीही तशीच. गावच्या बायका पाण्यासाठी कोसभर लांब नदीला जायच्या. यानं भर चावडीवर शब्द दिला होता, “कुणी हात लावू नका. ही विहीर एकटा दगडू खणणार.” माती निघाली भराभर. मग लागला काळा पाषाण, आणि दगडू काठावरूनच मागं फिरायला लागला.

“काय झालं?”

“वरून बघितलं की डोळे फिरतात. एवढा दगड कधी फुटायचा? गावाला तोंड कुठल्या तोंडानं दाखवू? आजच निघतो.”

“दगडूला दगड भारी पडला म्हणायचा.”

दगडू हसला नाही.

“बरं, जा. पण एवढं सांगून जा. तुझे आईबाप पटकीत गेले. तुला पोसलं कुणी?”

“गावानं. झोळी घेऊन दारोदार फिरायचो.”

“अख्खी भाकरी कुठल्या दारी मिळायची?”

“अख्खी...? अख्खी कोण देणार, बाबा? त्यांच्याच चुली एक दिवसाआड पेटायच्या. कुंभाराची म्हातारी चतकोर द्यायची. कोष्ट्याची सून चतकोर. भागू तेलीण तर आपल्या ताटातली मोडायची, वर म्हणायची, मला मेलीला भूकच नाही...”

तो पहारीशेजारी खाली बसला.

बाबांनी हातातल्या भाकरीचा चतकोर मोडला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

“मग तू कुठला आलास रे, गावाला एकदम अख्खी वाढणारा?”

दगडूनं तो तुकडा सावकाश चावून खाल्ला. पहार उचलली आणि विहिरीत उतरला.

दिवस कलला तेव्हा वर आला. डोक्यावर एकच पाटी, तीही दगडाच्या कपच्यांनी अर्धीच भरलेली. काठावर ओतली. कुंभारवाड्याकडं तोंड करून हात जोडले.

“म्हातारीच्या नावची,” तो म्हणाला. डोळे भरून आले होते. “आज एवढीच निघाली, बाबा.”

बाबा झोळी खांद्यावर टाकून उठले.

“उद्या पुढच्या दारी जा.”